भाजायच्या आधी सांगा

मी दारावरच्या पाट्या करते. मातीच्या पाट्या, ग्लेझचा काचेसारखा थर दिलेल्या, भट्टीत भाजलेल्या, उन्हाने रंग न उडणाऱ्या. हे वाक्य आता मी सरळ म्हणते, पण ते तोंडातून निघायला दहा-बारा वर्षं गेली. आधी कोणी विचारलं की मी 'सिरॅमिक आर्टिस्ट' म्हणायची, आणि समोरचा म्हणायचा, "अच्छा, टाइल्सचं दुकान." बडनेऱ्याच्या एका बाईंनी तर मला त्यांच्या बाथरूमचं मापच सांगितलं. मी ते लिहूनही घेतलं, कारण मी टाइल्सवाली नाही हे सांगायला सुरुवात करेपर्यंत त्या ऑटोत बसल्या होत्या.

शिकताना मी रांजण करायची. छातीपर्यंत येणारे, खांद्याला फुगलेले, निळ्या-करड्या ग्लेझचे. आमचे सर म्हणायचे की या मुलीच्या हातात वजन आहे. लग्न होऊन अमरावतीत आले, नवरा रेल्वेत, ड्युटी बडनेऱ्याला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विजेची भट्टी बसवली आणि पहिल्याच वर्षी बारा रांजण करून प्रदर्शन मांडलं. माणसं बरीच आली. आलेल्या प्रत्येकाने माठ घेताना ठोकतात तसा रांजण बोटाने ठोकून पाहिला, कान लावला आणि विचारलं, "पानी गार होते का?"

होत नाही. ग्लेझ दिलेलं भांडं पाझरत नाही, मग पाणी गार कुठून होणार?

"मंग काहून घ्याचा?"

 जिथे मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं, त्या गावात पाणी गार न करणारा माठ विकायला मी का बसले होते, हे माझं मलाच कोडं आहे. त्यातले दोन रांजण अजून घरात आहेत. सासूबाई त्यांत गहू ठेवतात आणि किडे होत नाहीत म्हणून माझं कौतुक करतात.

पाट्या सुरू झाल्या त्या रागातून. आमच्या गल्लीत एका घराची वास्तुशांत होती. घरमालक म्हणाले, "वहिनी, तुम्ही मातीचं काहीबाही करता नं, मग आमची नावाची पाटी करून द्या." काहीबाही! दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी बसले आणि अशी पाटी केली की बघणाऱ्याने पुन्हा 'काहीबाही' म्हणू नये. माती लाटण्याने लाटली, अक्षरं सुरीने कापून एकेक चिकटवली, कडेला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं काढली. ती दारावर लागली आणि महिन्याभरात सात जणांनी माझं दार वाजवलं. रांजणांनी जे केलं नाही ते पाट्यांनी केलं. भट्टीची जळालेली कॉइल बदलता आली, आणि नवरा पाहुण्यांना "आमची मिसेस हौस म्हणून करते" असं सांगायचा, ते त्याने बंद केलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण रांजणांकडे पाठ करून बसल्याशिवाय माझा हात पाटीवर चालत नसे. सासूबाई शेडच्या दारातून बघायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "मातीच्या पोया लाटून राह्यली सून."

इथे मी कोणाचंही नाव लिहिणार नाही. नावं ज्यांची त्यांच्या दारावर आहेत, वाचायची असतील त्यांनी तिथे जाऊन वाचावीत.

पण नावांनी मला जेवढं हैराण केलं तेवढं मातीनेही केलं नसेल. रंगाची पाटी असली तर पुसून दुसरी लिहिता येते. भाजलेल्या पाटीवरचं अक्षर घणाशिवाय निघत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, प्रत्येक जण मान डोलावतो, आणि पाटी भट्टीतून निघाल्यावर मोठ्या काकांचा फोन येतो की धाकट्याच्या नावापुढे बी. ई. आहे तर मोठ्याच्या नावापुढे सरपंच का नाही. शेवटी मी शेडमध्ये कागद लावला: 'बदल असेल तर भाजायच्या आधी सांगा.'

आणखी एक नियम मी स्वतःसाठी केला, तो कुठे लिहून लावला नाही. एका घरच्या पाटीवर मी सुनेचं नाव सासऱ्यांनी सांगितलं तसं कोरलं. पाटी लागल्यावर आठ दिवसांनी ती सून एकटीच आली. म्हणाली, "हे नाव लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलं होतं. मला त्या नावाने कोणीच हाक मारत नाही. मी दारातून आत जाताना रोज वाटतं, ही कोण?" तिच्यासाठी मी काहीच करू शकले नाही. तेव्हापासून पाटीवर बाईचं नाव असलं की मी त्या बाईला किंवा तिच्या माहेरच्या कोणाला विचारते, तुम्हाला कोणतं नाव हवं? एक पाटी सोडली तर या नियमाने सगळ्यांचं भलंच झालं.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिल संपत आला होता तेव्हा, अकोल्याचे एक काका आले. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून, पत्ता विचारत विचारत. सत्तरी ओलांडलेली, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. "जयभीम, ताई," म्हणाले आणि बसण्याआधी शेडभर नजर फिरवली. जठारपेठेत एका वकिलाच्या दारावर त्यांनी माझी पाटी पाहिली होती. पिशवीतून त्यांनी एक चिठ्ठी काढली. तीवर एकाच बाईचं नाव होतं. पहिलं नाव, मग थेट आडनाव, आणि खाली 'निवृत्त शिक्षिका'.

"तुमच्या मिसेस?"

"हो."

"मधलं नाव राहिलं का?"

"मधलं नाव माझंच आहे, ताई. ते नाही टाकायचं."

"आणि खाली तुमचं?"

"माझं कुठंच नाही टाकायचं."

मी पेन खाली ठेवला. काका हसले. म्हणाले, "असं आहे, ताई. मी कापसाच्या जिनिंगमधी होतो. ते बंद पडलं. मंग इकडं तिकडं केलं, टिकलं कुठंच नाही. घर बांधलं ते तिच्या पगारातून. लोन तिचं, फंड तिचा, इटा उतरवून घ्याले उभी राह्यली तीच. अन् दारावर पाटी माझी. पंचवीस वर्ष झाले. येनारा जानारा मले म्हन्ते, साहेब, घर छान बांधलं. मी बी हो म्हन्तो. खोटं बोलाले बी एक हद असते का नाही?"

काकूंचे दोन्ही गुडघे नागपूरला बदलले होते आणि त्या तिथेच मुलीकडे होत्या. तीन आठवड्यांनी घरी येणार होत्या. त्या दारात उभ्या राहतील तेव्हा त्यांना ही पाटी दिसली पाहिजे, एवढंच काकांचं म्हणणं होतं. "तिले काही सांगायचं नाही बरं. पोरीले माहीत आहे फक्त." त्यांनी चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहिला, आणि आपला फोन लागला नाही तर असावा म्हणून मुलीचाही लिहिला.

खरं सांगते, मला भरून आलं. इतक्या वर्षांत पुरुषमाणसं माझ्याकडे नावं वाढवायला आली होती. स्वतःचं नाव काढून टाकायला कोणी आलं नव्हतं. मी त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर लगेच माती मळायला घेतली. ही पाटी मी पाटी म्हणून करत नव्हते. रांजण करताना जसं वाटायचं तसं मला वाटत होतं.

आणि तिथेच माझा नियम आडवा आला. मला वाटलं, मुलीला माहीतच आहे, तर तिलाच विचारून घ्यावं, आई सही कोणत्या नावाने करते, हे नाव माहेरचं की सासरचं. मी नंबर लावला. फोन मुलीचा, पण ती अंघोळीला गेली होती आणि उचलला आईने. मी लगेच ठेवून द्यायला हवा होता. ठेवला नाही. "कोण बोलतंय? काय काम आहे? अमरावतीहून? कशाची पाटी?" पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांकडून खरं वदवून घेतलेली बाई ती, तिच्यापुढे माझं काय चालणार? दोन मिनिटांत मी सगळं सांगून मोकळी झाले. आ बैल मला मार म्हणतात ते हेच.

 मग काकू म्हणाल्या, "एकटीचं? फक्त माझं?"

"हो. त्यांची फार इच्छा आहे."

"ताई, आमच्या गल्लीत दारावर एकट्या बाईचं नाव असलं म्हणजे लोक काय समजतात, माहीत आहे नं? माणूस गेला तिचा. तुमच्या अमरावतीत नसन कदाचित, आमच्याकडे आहे. जित्या माणसाचं नाव मी दारावरून काढू का?"  "दोघांचं करा. त्यांचं वर, माझं खाली. आणि मी बोलली हे त्यांना सांगू नका. हिरमुसतील. मनाचे लय नाजूक आहेत ते."

आता इकडे आड, तिकडे विहीर. काकांना सांगायचं नाही की काकूंना कळलं आहे. काकूंचं ऐकायचं तर काकांची गोष्ट मोडते. काकांचं ऐकायचं तर काकू बिचाऱ्या रोज दारातून आत जाताना नवऱ्याच्या मरणाची बातमी वाचणार. घर जिचं तिचं ऐकायचं, की पाटी ज्याने सांगितली त्याचं? मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही कर. ज्याचा फोन आधी येईल त्याची दे." रेल्वेच्या माणसाला सगळ्याचं उत्तर गाड्यांसारखं येतं, आधी आली ती आधी सुटली. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एकल्या बाईचं नाव? काहून, बुढा मेला का?"

म्हणजे अमरावतीतही तसंच होतं.

मी काकांना फोन केला. आडून आडून म्हणाले, "काका, दोघांची नावं एकाखाली एक शोभून दिसतील."

"नाही, ताई. माझं पंचवीस वर्ष लागलं. आता तिची पाळी."

मी दोन्ही पाट्या केल्या. एक दोघांची, एक एकटीची. कोणती भट्टीत घालायची ते वाळेपर्यंत ठरेल असं मनाशी म्हटलं. पाटी सावकाश वाळावी लागते. आमच्याकडच्या मे महिन्यात उघडी ठेवली तर दुपारभरात वाकडी होते, म्हणून मी ओल्या गोणपाटाखाली चार-पाच दिवस झाकून ठेवते आणि शेडला कोणी हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवते. पण सासूबाईंचं मन मोठं. एके दिवशी मी बाजारात गेले होते. घरात कोणी उन्हातून आलं की त्या आधी कूलर त्याच्याकडे फिरवतात, मग पाणी देतात. शेडमध्ये डोकावल्या तर त्यांना एक पाटी दिसली, गोणपाट सरकलेलं आणि वरून पत्रा तापलेला. त्यांनी खिडकीतला जुना कूलर तिच्याकडे फिरवून चालू केला. टाकीत पाणी नव्हतं. मी येईपर्यंत दोन तास गरम झळ त्या पाटीच्या एका कडेला लागत होती. पाटी मधोमध तडकली. दोघांची होती ती.

"तिलेबी गरमी होत असन म्हटलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्यावर रागावावं की हसावं ते मला कळेना. शेवटी मी रागावले, मग हसले, मग एकटीच शेडमध्ये जाऊन बसले.

दुसरी करायला एक दिवस पुरला असता. लाटणं समोर होतं, माती मळलेली होती. मी केली नाही. का नाही केली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एकटीच्या नावाची पाटी शाबूत होती आणि ती मला फार आवडत होती. अक्षरांचा तसा उतार माझ्या हातून आधी कधी आला नव्हता. रोज गोणपाट उचलून मी ती बघायची. आवडते म्हणून हीच भाजू का? मग काकूंचा आवाज आठवायचा. चांगली झाली म्हणून तीच खरी, असं कसं म्हणायचं? आणि काकूंच्या म्हणण्यासारखी दुसरी करायची म्हटलं की काकांचं ते हसणं आठवायचं. पाच दिवस झाले, दहा झाले. पाटी वाळून खडखडीत झाली. मी इतरांच्या पाट्या भाजल्या, रविवारच्या क्लासवाल्या बायकांचे वाकडेतिकडे कप भाजले, ही मात्र फळीवरच ठेवली.

मग काकांचा फोन आला. "ताई, झाली का? बुधवारी येऊन राह्यली ती."

मी म्हणाले, "काका, अजून ओली आहे."

का म्हणाले कोणास ठाऊक. बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं. अशा उन्हात दोरीवर दुसरी साडी टाकेपर्यंत पहिली वाळते. आणि मी हे सांगत होते कोणाला, तर अकोल्यात जन्म काढलेल्या माणसाला.

"ओली?" काका म्हणाले.

"हो."

ते म्हणाले, "बरं. वाळू द्या मंग."

फोन ठेवल्यावर मी स्वतःची समजूत घातली. काकू घरी येतील, दोघं समोरासमोर बसतील, नवरा-बायको आहेत, बोलतील की. मग एक फोन येईल आणि एकच गोष्ट सांगेल, आणि मी ती मुकाट्याने करीन. मी वाट बघत राहिले. फोन आला नाही. मला त्यातही बरं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, त्यांचं त्यांनी मिटवलं असेल, पाटी दुसरीकडून केली असेल. माझ्या डोक्यावरचं ओझं आपोआप उतरलं.

जुलैत एका सकाळी ऑटो थांबली आणि एक बाई काठी टेकत उतरल्या. पाय जपून टाकत होत्या. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "पाट्या करणाऱ्या ताई तुम्हीच का?" आणि आवाजावरून मी ओळखलं. मी त्यांच्यामागे ऑटोकडे पाहिलं, काका पैसे देत असतील म्हणून.

"एकटीच आली मी," काकू म्हणाल्या.

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं आणि जे सांगितलं ते त्यांच्या पद्धतीने, एकामागून एक, धडा शिकवल्यासारखं सांगितलं.

पाटी सांगून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी जुनी पत्र्याची पाटी काढून टाकली होती. भिंत घासून तेवढ्या जागेवर स्वतः रंग लावला होता. बुधवारी काकू दारात उतरल्या तेव्हा तिथे दोन खिळ्यांची भोकं होती आणि नवा रंग. "मी काही नाही बोलली. तेच म्हणाले, गंजली होती, काढली. मी म्हटलं, बरं. मले वाटे, दोघांची येईन. त्याईले वाटे, एकीची येईन. जेवताना दोघंबी दाराकडे पाहू. पण कोणी बोललं नाही. ते मले चकित करणार होते नं, मी कशी बोलू?"

तीन आठवडे असे गेले. एका सकाळी काकूंनी चहा मांडला, दोनदा हाक मारली. काका उठले नाहीत.

"माणसं लय आली, ताई. जिनिंगचे जुने लोक आले, माह्या शाळेतली पोरं आली, आता बाप झालेली. खेड्यांवरून आली. अन् गल्लीत फिरत राह्यली. त्याईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दिवशीबी तेच. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून राह्यले, घर कोणतं, घर कोणतं. दारावर काहीच नव्हतं."

 मी त्या दोघांचंही ऐकलं होतं, दोघांचं गुपित सांभाळलं होतं, कोणाला दुखवलं नव्हतं, आणि त्या दारावर कोणाचंच नाव नव्हतं. मला लाज वाटली. इतकी लाज मला माझ्या कामाबद्दल कधी वाटली नव्हती, रांजण परत घरी आणले तेव्हाही नाही.

"काय केलं होतं तुम्ही? दाखवा तर," काकू म्हणाल्या.

मी फळीवरून पाटी काढली. कच्ची, करडी. त्यांच्या मांडीवर दिली नाही, मोडेल म्हणून टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. नावावरून बोट फिरवलं, हलक्या हाताने, अक्षराला अक्षर.

"मधलं नाव गाळलं."

"त्यांनीच गाळायला सांगितलं." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. जिनिंगचं, फंडाचं, इटा उतरवून घ्यायला उभ्या राहिलेल्या बाईचं, साहेब घर छान बांधलं म्हटल्यावर हो म्हणणाऱ्या माणसाचं. खोटं बोलण्याची हद्द सांगितली तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला.

"मले नाही म्हटलं कधी," त्या म्हणाल्या. "घराचा विषय निघाला की उठून बाहेर जायचे. मले वाटे, राग आहे."

मी म्हणाले, "काकू, चार दिवस द्या मला. दोघांची करते, तुम्ही म्हणाला होता तशी. त्यांच्या नावाआधी कालकथित लिहू, किंवा नका लिहू म्हणत असाल तर नाही लिहीत."

"नाही. हीच भाजा."

"पण तुम्हीच म्हणाला होता, लोक समजतील की..."

"आता बरोबरच समजतीन."

 काकू पाटीकडे बघत होत्या. "जितेपणी सांगून गेले होते, हे याच्यावर कोणाले दिसणार आहे? मले म्हणतीन, माणूस गेला अन् लगेच स्वतःचं नाव लावलं. म्हणू द्या. तेव्हा लागली असती तर मी भांडली असती, काढाले लावली असती. पण लागली तर असती."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काकू, पाटी ओली नव्हती. काकांचा फोन आला तेव्हा ती वाळलेली होती. मी त्यांना खोटं सांगितलं."

"माहीत होतं त्याईले."

"कसं?" मी विचारलं.

"पोरीनं सांगितलं मले, मागून. तिनं म्हटलं होतं, बाबा, मे महिन्यात माती ओली राहते का? फोन करा नं त्या बाईले, विचारा. तर म्हणे, राहू दे. ताईले काही अडचण असन. अडचणीत मानूस एकदा खोटं बोलला तं त्याले दुसऱ्यांदा विचारू नये. म्हणून नाही केला त्याईनं फोन."

मला कोणतीही अडचण नव्हती. वीज होती, भट्टी रिकामी होती, पाटी पाच पावलांवर फळीवर पडली होती. काकू चष्मा पुसून माझ्याकडे बघत होत्या, अडचण काय होती ते आता मी सांगेन म्हणून.